मी भुंकलोच नव्हतो

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे, आणि माझ्यावर एकदा भुंकल्याचा खोटा आळ आला होता. कुत्र्यावर भुंकल्याचा आळ, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. पण तो आळ आणखी थोडा वेळ टिकला असता, तर आमच्या घरात पुन्हा कुणाला हसू आले नसते. तीच गोष्ट मला सांगायची आहे. मात्र मी म्हातारा असल्यामुळे आधी थोडे माझ्याविषयी ऐकून घ्यावे लागेल.

माझा जन्म एका बेकरीच्या मागे, पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर झाला. पहिली आंघोळ होईपर्यंत आम्ही सगळी भावंडे पांढरीच वाटत होतो. धुतल्यावर मी तपकिरी निघालो. शेजारच्या गल्लीत सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवे कापड चढवून देणारे एक कारागीर होते. त्यांनी मला उचलून शर्टात घातले आणि आपल्या दुकानात आणले. तेच आमचे बाबा. तेव्हा ते कुणाचेच बाबा नव्हते, पण आता घरात सगळे त्यांना तसे म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

खाली दुकान, वर घर आणि मध्ये लाकडी जिना. माझे काम राखणीचे. आवाज असा खणखणीत होता की पोस्टमन कोपऱ्यावरूनच "आलो रे, आलो" म्हणायचा. एका गिऱ्हाइकाने विचारले, "याच्या गळ्यात भोंगा बसवलाय की काय?" झाले, माझे नाव भोंगा पडले. बाबा कामात असले की मान वर न करता म्हणत, "भोंगा, गप." दिवसातून किती वेळा म्हणत याला गणतीच नव्हती. त्यात राग नसे. माझ्याशी बोलायची त्यांची ती पद्धतच होती.

मग वय झाले. आधी मागचे पाय कुरकुरू लागले, नंतर घसा बसला. तो जो बसला, तो उठलाच नाही. भुंकायला तोंड उघडावे तर आतून नुसती हवा येई, सायकलच्या चाकातून यावी तशी. दुकानाच्या दाराला विजेची घंटी लागली आणि मी कापड कापायच्या टेबलाखाली गेलो. एखाद्याला काही किंमत उरली नाही, की "त्याला कुत्रं विचारत नाही" असे तुम्ही म्हणता. मी तर स्वतःच कुत्रा. मला कोण विचारणार?

अशात एके दिवशी आई आणि बाबा दुपट्यात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आले. "पिल्लू आलं, पिल्लू आलं," म्हणत आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, जिना उतरून धावत आली. माझ्या काळजात धस्स झाले. मी असताना घरात पिल्लू? मी नाक खुपसून पाहिले. पिल्लू कसले, माणसाची मुलगी होती. धड शेपूटही नव्हते. तरी सगळे तिला पिल्लूच म्हणत, आणि का म्हणतात ते मला काही केल्या कळेना. पण रांगायला लागल्यावर ती थेट टेबलाखाली आली. माझा कान मुठीत धरला आणि माझ्या पोटावर रेलून झोपून गेली. खूप दिवसांनी मला कुणीतरी विचारले होते. तेव्हापासून ती माझी झाली.

थंडीचे दिवस होते. पिल्लूला सर्दी झाली होती, आवाजही बसला होता. त्या दिवशी दुपारची झोप लांबून दिवे लागायची वेळ झाली, तरी ती वरच्या खोलीत झोपलेलीच होती. आत्या वर स्वयंपाकघरात होती, बाबा एका सोफ्यामागे वाकून कापड ताणत होते. आई चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, ती अजून यायची होती.

तेवढ्यात भुंकल्याचा आवाज आला. कोरडा आणि पोकळ.

"भोंगा, गप," बाबा जुन्या सवयीने, मान वर न करता म्हणाले.

मी गपच होतो. मी कान टवकारले. आवाज पुन्हा आला.

वरून आत्या म्हणाली, "अरे, त्याला गप कर ना. पिल्लू उठेल."

"आज ऐकतच नाहीये. भोंगा, बास म्हटलं ना."

मित्रांनो, आम्हा कुत्र्यांना एकमेकांचे आवाज ओळखू येतात. हा आवाज कुत्र्याचा नव्हता. मी उठलो, पाय ओढत जिन्याशी गेलो. जिना चढणे मी केव्हाच सोडून दिले होते. एक पायरी कशीबशी चढलो आणि घसरून खाली आलो. हाक मारायला तोंड उघडले, तर हवा. आवाज गेल्याचे इतके दुःख मला कधी झाले नव्हते.

दार उघडून आई आत आली. वरून पुन्हा तो आवाज आला, आणि बाबा पुन्हा म्हणाले, "भोंगा, गप."

आईने माझ्याकडे पाहिले. "हा कुठे भुंकतोय? याचा तर आवाज जाऊन वर्ष झालं."

बाबा सोफ्यामागून उभे राहिले. मग आई पर्स तिथेच टाकून जिना चढली आणि बाबा तिच्यामागे.

पिल्लूला कडेवर घेऊन ती खाली आली, तेव्हा आत्याही मागोमाग होती. पिल्लू रडत होती, मधेच भुंकल्यासारखी खोकत होती. आत्याच्या तोंडचे पाणी पळाले होते. "मी पाणी उकळायला ठेवते," ती म्हणाली. "वाफ दिली की मोकळं होईल."

"थांबा, ताई. आधी डॉक्टरांना विचारू." आईने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

पिल्लूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खोकला मला इथपर्यंत ऐकू आला. क्रूप वाटतोय. आवाजाच्या पेटीपाशी सूज येते, त्यामुळे असा आवाज येतो. वाफ नको, तिचा उपयोग नाही आणि मूल भाजतं. घशात बोटही घालू नका. मांडीवर ताठ बसवून जवळ धरा आणि आधी रडणं थांबवा. ती शांत झाली की श्वास ऐका आणि मला सांगा."

आई उघड्या दाराजवळ, गार वाऱ्यात, नव्या कापडाच्या सोफ्यावर बसली. बाबांनी खुळखुळा वाजवला, आत्याने चुचकारले. पिल्लू थांबेना. मग मी जाऊन आईच्या गुडघ्याशी मान ठेवली. पिल्लूने पाहिले, हात खाली केला आणि माझा कान धरला. रडण्याचे हुंदके झाले आणि हुंदकेही विरले.

आता दुकानात शांतता होती. त्या शांततेत पिल्लू श्वास आत घेई, तेव्हा बारीक करवत चालल्यासारखा आवाज येत होता.

"शांत आहे, तरी आवाज येतोय," आई म्हणाली.

"झबलं वर करून बघा. बरगड्यांमध्ये, गळ्याखाली कातडी आत ओढली जातेय?"

"हो."

"ओठ?"

"गुलाबी आहेत."

"मग आता घरी थांबायचं नाही. गाडी आहे?"

"टेम्पो दारातच आहे," बाबा म्हणाले. "हॉस्पिटल पुलापलीकडेच आहे."

"निघा. टेम्पो नसता तर रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं असतं. वाटेत ओठ निळसर झाले, लाळ गिळता येईना किंवा ती मलूल पडली, तर आहात तिथून रुग्णवाहिकेला फोन करा. मी तिकडे कळवून ठेवते."

आईने हळूच पिल्लूची मूठ सोडवली. टेम्पोत कुणाची तरी अर्धवट खुर्ची होती, तीही त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात गेली.

मागे आत्या आणि मी उरलो. ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली. "भोंगा, मीही तुलाच गप म्हणाले रे," एवढेच ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पुष्कळ वेळाने फोन वाजला. पिल्लूला औषध पाजले होते, मास्कमधून औषधाचा फवाराही दिला होता. आवाज कमी झाला होता, सकाळपर्यंत लक्ष ठेवणार होते. आत्याचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र पडला नाही. मी अजून पिल्लूला हुंगले नव्हते.

सकाळी ती आली. हॉस्पिटलचा वास येत होता, पण त्याखाली तिचा स्वतःचा दुधाचा वास होता. मला पाहून ती हसली आणि हसता हसता बारीकशी भुंकली. मीही तोंड उघडून माझी हवा सोडली. तिला पिल्लू का म्हणतात, ते मला तेव्हा कळले.

बाबा टेबलाखाली वाकले. "भोंगा," म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. त्यांनी माझ्या कपाळाला कपाळ लावले. त्याच आठवड्यात सोफ्याच्या उरलेल्या कापडाची एक गादी माझ्यासाठी शिवून तयार झाली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात एखादा म्हातारा कुत्रा असेल आणि भुंकण्याचा आवाज आला, तर त्याला रागावण्याआधी एकदा त्याच्याकडे बघा. तो गपच असेल, तर धावत वर जा.