मोजणी बरोबर भरली होती

पाटबंधारे विभागातून शाखा अभियंता म्हणून मी निवृत्त झालो, त्याला आता अकरा वर्षे झाली. खामगावच्या तंत्रनिकेतनात पदविका घेताना एक गोष्ट मनावर ठसली ती कायमची : कोणतेही काम आधी कागदावर पूर्ण झाले पाहिजे, मग जमिनीवर. म्हणून आमच्या वडनेर भोलजीच्या मंडळींनी संक्रांतीनंतर आपलाच जिल्हा पाहण्यासाठी सहल काढायचे ठरवले, तेव्हा तिचे नियोजन माझ्याकडे येणे ओघानेच होते.

मी आलेख-कागदावर तक्ता केला. डावीकडे ठिकाणांची नावे, वरती वेळ, आणि प्रत्येक ठिकाणापुढे लाल पेन्सिलीने आखलेली पट्टी. दोन दिवस, अकरा ठिकाणे. देवळात बसून तो सर्वांना वाचून दाखवला, तेव्हा शेजारची प्रतीक्षा, जी नांदुऱ्याच्या शाळेत शिक्षिका आहे, हसू आवरत म्हणाली, "काका, दोन दिवसात अकरा गावं? हे पाह्यनं हाय का पोलिओचे डोस पाजनं? दारावर खडूनं खूण केली, की चाल पुढं!"

सगळे हसले. मी हसलो नाही. मी तिला विचारले, "या चाळीस माणसांत सिंदखेडराजा किती जणांनी पाहिले आहे?"

एकही हात वर झाला नाही.

"लोणार?"

दोन हात.

"मग सांग, साठी उलटलेल्या माणसाला मी एकच गाव दोन दिवस दाखवू, की अकरा गावे दाखवू? पुन्हा ही माणसे कधी निघणार?"

"पन एखादं गाव तरी नीट पाहू द्या, काका. नाहीतर घरी येऊन सांगतीन काय? बशीच्या खिडकीचा रंग?"

वाद तिथेच राहिला. माझ्या म्हणण्यात तथ्य होते असे मी आजही मानतो. तूर निघाल्यावर आणि हरभरा यायच्या आधी शेतकऱ्याला जे चार दिवस मिळतात, त्यात जितके जग पाहता येईल तितके त्याने पाहावे. माझी चूक त्या विचारात नव्हती.

प्रवाशांची यादी चाळीस नावांची होती. मी आणि माझी पत्नी वच्छला असे दोघे धरून बेचाळीस. आम्हा दोघांची नावे मी यादीत घातली नव्हती. यादीच्या तळाशी फक्त "व्यवस्था – २" असे लिहिले होते.

पहिला दिवस वेळेवर पार पडला. मुक्काम सिंदखेडराजाला एका मंगल कार्यालयात होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आंघोळ करून आलो, तर वच्छला तिथल्या आचाऱ्याच्या चुलीपाशी बसून भाकरी थापत होती.

"हे काय? जेवण मेहकरला सांगून ठेवले आहे. साडेबारा वाजता."

"असू द्या. दोनच हायेत," ती म्हणाली आणि भाकरीवर ठेचा ठेवून तिने डबा बंद केला.

बसमध्ये चढताना तिने विचारले, "लोनारले खाली उतरू न आपन?"

"उतरून चढायला अडीच तास लागतात. आपल्याकडे पन्नास मिनिटे आहेत. वरून सगळे सरोवर दिसते."

"वरून तं दिसतेच," ती म्हणाली.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, आमच्या लग्नाला वर्ष होत आले असताना, माझी पहिली नेमणूक लोणारला झाली होती. सरोवराच्या काठाची पातळी मोजण्याचे चार महिन्यांचे काम होते. गावात भाड्याची खोली होती. मी सकाळीच मोजणीच्या मदतनीस खलाशांना घेऊन खाली उतरत असे आणि वच्छला दुपारी डबा घेऊन येत असे. एवढे मला आठवत होते. म्हणूनच तक्ता करताना, आम्ही दोघांनी हे ठिकाण पाहिलेले आहे, असे समजून लोणारची पट्टी मी दहा मिनिटांनी तोकडी केली होती.

सव्वादहाला आम्ही लोणारला पोचलो. मंडळींनी काठावरून खाली पाहिले, एकमेकांचे फोटो काढले, काठावरच्या धारेचे, म्हणजे तिथल्या झऱ्याचे, पाणी डोळ्यांना लावले. अकराला पाच मिनिटे असताना मी शिट्टी वाजवली. सगळे बसमध्ये चढल्यावर पुढून मागेपर्यंत जात डोकी मोजली. माझ्यासह बेचाळीस. तक्त्यावर लोणारपुढे खूण केली आणि चालक गोकुळला निघण्यास सांगितले. अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती. ठरलेली वेळ तीच होती.

बारा किलोमीटरवर सुलतानपूर लागते. गाव जवळ येताच मागच्या बाकावरची एक म्हातारी उठून उभी राहिली.

"ओ भाऊ, थांबवा न. मले इथंच उतरायचं हाय."

गोकुळने ब्रेक मारला. "मावशी, सहलीची बस हाय. मेहकरशिवाय थांबत नाही."

"मंग मी काय सहलीले आली होती का? मी इचारलं, सुलतानपूरले जाते का, तं या बाईनं हाव म्हनलं अन् सरकून जागा देल्ली. मी बसली."

बसभर हसण्याचा स्फोट झाला. म्हातारी पिशवी सावरत उतरली आणि खालून आशीर्वाद देऊन चालू लागली. मी मात्र हसू शकलो नाही. ती बेचाळिसांत मोजली गेली होती. याचा अर्थ एक माणूस कमी होते.

मी यादी काढून नावे पुकारली. चाळीस नावे, चाळीस वेळा "हाव". मी पुन्हा पुकारली. पुन्हा चाळीस.

"साहेब, सारेच तं हाय," कोणीतरी म्हणाले. "म्हातारी भूत होती का काय?"

तेवढ्यात प्रतीक्षा उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "काका," ती म्हणाली, "काकू कुठं हाय?"

माझ्या मागच्या उजव्या बाकावर, जिथे वच्छला दोन दिवस बसली होती, तिथे माझीच पिशवी ठेवलेली होती. त्या पिशवीत तिचा फोन होता, कारण तो मी चार्ज करतो. तिच्या मधुमेहाच्या गोळ्या होत्या, कारण त्या मी वेळेवर देतो. सकाळी सात वाजता मीच तिला गोळी दिली होती. त्यावर तिने अर्धा कप चहा घेऊन दोन घास पोहे खाल्ले होते. यापुढचे जेवण साडेबारा वाजता मेहकरला होते.

गोकुळने मला न विचारताच बस वळवली.

परतीचे ते बारा किलोमीटर मी घड्याळाकडे पाहत होतो आणि गोळी घेतल्यापासूनचे तास मोजत होतो. मला दुसरे काही करता येत नव्हते.

खाली उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी पुंजाजी नावाचा चौकीदार बसला होता. मी त्याला घाईघाईने हकीकत सांगितली.

"बायामाणसं पुष्कळ उतरली आज," तो म्हणाला. "तुमच्या बाईच्या लुगड्याचा रंग सांगा, म्हंजे ध्यानात येईल."

मी वळून बसकडे पाहिले.

"हिरवं? लाल?"

"वय अडुसष्ट," मी म्हणालो. "उंची पाच फूट एक इंच. मधुमेह आहे."

"ते पाहून कसं कळंल, साहेब? रंग काय व्हता?"

मला सांगता आले नाही. दोन दिवस ती माझ्या मागच्या बाकावर होती. पहाटे मी तिला चुलीपाशी पाहिले होते. तिच्याशी बोललो होतो. कोणत्या दगडावर कोणत्या साली किती पाणी होते, हे मी झोपेतूनही सांगू शकलो असतो. पुंजाजीने काठी उचलली. "चला," तो म्हणाला, "नाव घेऊन हाका मारा म्हंजे झालं."

हेही मला सोपे नव्हते. लग्न झाल्यापासून मी तिला "अगं" अशीच हाक मारत आलो. उतरणीच्या पहिल्या वळणावर मी "वच्छला!" असे ओरडलो, तेव्हा तो आवाज मला परक्या माणसाचा वाटला. समोरच्या कड्यावरून तो परत आला. दुसरे काही आले नाही.

गुडघे दुखत होते. सागाची पाने पायांखाली घसरत होती. पुंजाजी पुढे, मी मागे. शेवटच्या वळणावर झाडी संपली आणि पाण्याच्या काठाजवळ एक पडके देऊळ दिसले. त्याच्या ओट्यावर एक बाई खांबाला टेकून बसली होती. तिच्या अंगावर वांगी रंगाचे, पिवळ्या काठाचे पातळ होते. ते पातळ मीच अकोल्याहून आणलेले होते.

मी जवळ पोचलो. तिने डोळे उघडले, पण मान उचलली नाही. कपाळ घामाने भिजले होते आणि हात थंड होते. ओठ हलले, शब्द नीट आले नाहीत. पुंजाजीच्या खिशात गुळाचा खडा होता. तो मी तिच्या तोंडात घातला. पाणी पाजले. दुसरा खडा दिला. तिच्या मनगटावर बोटे ठेवून मी बसून राहिलो. त्या वेळी घड्याळाकडे पाहण्याचे मला सुचले नाही.

बऱ्याच वेळाने तिची बोटे हलली. मग तिने पदराने स्वतःच कपाळ पुसले.

तिच्या शेजारी डबा होता. झाकण घट्ट लावलेले.

"बाई," पुंजाजी रागावून म्हणाला, "जवळ भाकर असून उपाशी कामून बसल्या तुम्ही? जीव गेला असता."

"एकटीनंच खायाची असती तं घरीच खाल्ली असती," वच्छला म्हणाली.

पुंजाजी उठला आणि पाण्याकडे तोंड करून दूर जाऊन उभा राहिला.

"सांगून का नाही आलीस?" मी विचारले.

"सांगतलं असतं तं तुमी येऊ देल्लं असतं?" ती थांबून थांबून बोलत होती. "मले वाटलं, शिट्टी वाजन. तुमी मोजान. एक कमी भरन. मंग तुमाले समजनच का मी कुठं गेली. अर्ध्या घंट्यात याल खाली. तुमची मोजनी काही चुकत नाही."

बस बंद पडली होती असे सांगता आले असते. रस्ता अडला होता असे सांगता आले असते. तिने विश्वास ठेवला असता.

"मोजणी बरोबर भरली होती," मी म्हणालो. "एक परकी बाई बसमध्ये चढली होती. बेचाळीस भरले. मी निघालो. सुलतानपूरपर्यंत गेलो."

ती खांबापासून सरळ होऊन बसली.

"म्हंजे मी नसूनबी बेचाळीस?"

"हो."

"अन् मंग कोनाच्या ध्यानात आलं?"

"प्रतीक्षाच्या."

तिने मान हलवली. रागावली नाही. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. तिने नजर पाण्याकडे वळवली आणि ती तिथेच ठेवली.

मी प्रतीक्षाला फोन लावला. काकू सापडल्या, बऱ्या आहेत, असे सांगितले. बस पुढे जाऊ दे, तक्ता माझ्या बाकावर आहे, आम्ही उद्या एसटीने येतो.

"शिट्टी बी हाय का बाकावर?" तिने विचारले. तिचा आवाज रडवेला होता, तरी तिने हे विचारले.

"शिट्टी माझ्या खिशात आहे. टाळी वाजव."

फोन ठेवला, तेव्हा वच्छलाने डबा उघडला होता. दोन भाकरी, ठेचा, कांदा. एक भाकरी तिने माझ्यापुढे ठेवली.

"तुमी तिथं बसत होते," ती म्हणाली आणि पाण्याकडे बोट दाखवले. "त्या दगडावर वही ठेवत होते. मी इथं. चार महिने रोज आली मी. तुमी एका हातानं खात, एका हातानं लिहीत. मी म्हने, आज तरी मान वर करतीन."

"कोणता दगड?"

"आता कसा दिसन? पान्यात गेला तो."

मी उठून उभा राहिलो. ती म्हणत होती ते खरे होते. काठ पुष्कळ मागे सरकला होता. ज्या दगडावर माझी पातळीची खूण होती, तो दगड, त्याच्या मागची बाभूळ, त्या बाभळीपर्यंत जाणारी वाट, सारे पाण्याखाली होते. सकाळी पन्नास मिनिटे मी वरच्या काठावर उभा राहून याच पाण्याकडे बोट दाखवत चाळीस माणसांना माहिती दिली होती. पाणी चढले आहे हे माझ्या लक्षातही आले नव्हते, आणि तिला ते बसल्या जागी दिसले होते.

मी खाली बसलो आणि भाकरी खाल्ली. तिने मधूनमधून सांगितले, मी विचारत गेलो. ओट्याचा हा कोपरा तेव्हाही तुटलेला होता. या खांबाआड एक घोरपड राहत असे. उन्हं कलली की समोरच्या कड्याची सावली आधी पाण्यावर येते, मग ओट्यावर, आणि सावली ओट्यावर आली की वच्छला घरी जायला उठत असे. त्या काळात माझ्या पातळीच्या वहीत चार महिन्यांच्या दोनेक हजार नोंदी झाल्या होत्या. त्यांत यातले काहीच नव्हते.

"साहेब, पाचच्या आत वर गेलं पायजे," पुंजाजी लांबूनच म्हणाला. "बाईची चाल पाहून आत्ताच निघा."

सावली अजून ओट्यावर आलेली नव्हती. वच्छलाने डबा पिशवीत घातला आणि माझा हात न धरता, खांबाला धरून ती उठली. चढायला आम्हाला पावणेदोन तास लागले. प्रत्येक वळणावर ती थांबे, मीही थांबे. शेवटच्या दोन वळणांवर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी पोचलो. संध्याकाळी प्रतीक्षा तक्ता परत द्यायला आली. अकराही ठिकाणांपुढे खुणा होत्या आणि बस ठरल्यापेक्षा दोनच तास उशिरा गावात आली होती. "तुमच्याशिवायच फर्स्ट क्लास झालं, काका," ती म्हणाली. मागोमाग मंडळींपैकी दोन म्हाताऱ्या आल्या. त्यांनी वच्छलाला मेहकरच्या बालाजीची काळी मूर्ती हाताने दाखवून दाखवून सांगितली. अशी उंच, असे डोळे. त्यांना त्या सहलीत काही कमी पडले नव्हते. लोणारपुढची माझी खूण मी खोडली नाही. त्या चाळीस जणांनी लोणार पाहिले होते.

सगळ्या गेल्यावर मी वच्छलाला म्हणालो, "फाल्गुनात लोणारला खोली घेऊन आठ दिवस राहू. दुसरीकडे कुठेच जायचे नाही. तुझी ती कड्याची सावली ओट्यावर येईपर्यंत रोज बसू."

ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला काढून तिने तो ताटाच्या काठावर ठेवला.

"पाहू," ती म्हणाली.

फाल्गुन लागून आज सहा दिवस झाले. मी अजून तक्ता केलेला नाही, आणि तिनेही अजून हो म्हटलेले नाही.