मागून येणारं नाव

गुंजनने बटण दाबलं आणि पडद्यावर 'पत्नी' या शब्दासमोर दोन उत्तरं शेजारी शेजारी उमटली: नाही, वंदना.

खाटेवर वाटाणे सोलत बसलेल्या सिंधुआत्याने वाकून पाहिलं. भावाचं, म्हणजे गुंजनच्या बाबांचं, नाव समाजाच्या वधू-वर मेळाव्यात नोंदवायचंच, म्हणून ती सकाळीच कोहक्याहून ऑटोने आली होती.

"हे दोन-दोन कावून दिसून राहिले वं? तुह्या कॉम्प्युटरनं सवत आणली का काय?"

गुंजन हसली नाही, रागावलीही नाही. आई गेली त्याला हा दुसरा हिवाळा. तेव्हापासून सगळं अंगावरून पाण्यासारखं निथळून जायचं. बारावीतल्या पोरीनं समाजाची वेबसाइट 'जावा' या संगणक-भाषेत बांधली, म्हणून मंडळात टाळ्या पडल्या, त्याही तशाच निथळल्या.

"आधीच्या पानावर मी आईचं नाव भरलं ना, आत्या. सगळ्या घरांची माहिती भरायचं तेच पान आहे. तिथून माहिती मेळाव्याच्या पानाकडे पाठवताना 'पत्नी: नाही' असं जोडून देते. मले वाटलं, नवीन आलं मतलब जुनं पुसलं. पण पुसत नाही. नवीन पुढे लागते, जुनं त्याच्या मागून येते."

"मंग पहिलंच दाखव म्हणा त्याले."

एका ओळीचं काम. तिने केलं. आता नुसतं 'नाही' आलं.

"गेलं?"

"नाही. दिसत नाही फक्त."

"तसं नको बाई. उद्या कोण्या पोरीच्या बापाले दिसलं तं? पहिल्या पानावरच जागा कोरी ठेव. नाव टाकूच नको."

आत्याचं बरोबर होतं. कोरं धाडलं की मागून यायला काही उरणारच नव्हतं. गुंजन पहिल्या पानावर गेली आणि 'वंदना' शेवटाकडून खोडू लागली. भांडी घासताना चालावीत तशी बोटं चालत होती.

"राहू दे."

पहिली पाळी करून आलेले बाबा दारात उभे होते, प्लांटचं हेल्मेट काखेत. महिनाभर आत्या मागे लागली होती. ते हो म्हणाले नव्हते की नाही म्हणाले नव्हते.

"पंजाब, असं कसं चालंन?" आत्याने भावाला विचारलं.

"बाई, नोंदणीले मी कुठं अडवून राहिलो?" ते गुंजनच्या खुर्चीमागे आले. "याच्या पुढंही पान आहे ना? तिथं जाते का ते नाव?"

"तिथं नाही जात, बाबा. तिथं ब्राउझरले नव्यानं यायला लावते मी, त्यात मागचं सगळं सुटते. आतल्या आत पाठवलं तर जाते."

"मंग आतल्या आत पाठव."

"पण मग कोणी पान रिफ्रेश केलं तर नोंद दोनदा होईल."

"होऊ दे."

सोललेल्या शेंगेतले दाणे आत्याच्या मुठीतच राहिले.

गुंजनने खोडलेली अक्षरं परत भरली, पुढच्या पानाची ओळ बदलली आणि खुर्ची सोडून बाजूला झाली. पंजाबरावांनी अंगठा शर्टाला पुसला, माउस धरला आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं: नोंद झाली.

त्यांनी गुंजनकडे मान वळवली.

"मागून आलं ना ते नाव?"

"आलं," गुंजन म्हणाली.

हेल्मेट खुंटीला लावायला ते आत गेले.