उपासाला चालणारं

एक नंबर मोठ्या चपला.

सकाळचा वजनकाटा: एकसष्ट. बासष्ट. साडेत्रेसष्ट.

गुलाबी खडे, अर्धा किलो.

तीन उशा.

भांडुपच्या त्या दोन खोल्यांत हे सगळं एकाच महिन्यात आलं. सहदेवचं हृदय कमजोर झालेलं. आठ दिवस हॉस्पिटलात काढून घरी सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं: मीठ जवळपास बंद, वजन रोज करा. त्याच संध्याकाळी त्याच्या बायकोने, वनमालाने, मिठाची बरणी धुऊन पालथी घातली. लोणचं, सुका बांगडा, सगळं शेजारच्या द्रौपदीला देऊन टाकलं.

पण अळणी पेज बघितली की सहदेव तोंड फिरवायचा. तीन दिवसांत गालफडं बसली. चौथ्या दिवशी एकादशी. स्वतःच्या वरीच्या भातात सैंधव घालताना वनमालाचा हात थबकला आणि जीव एकदम हलका झाला. मीठ वर्ज्य असतं त्या दिवशीही हे देवाला चालतं. मग आजारी माणसाला का नाही?

"आज आमटीक चव इली गो," दुसऱ्या दिवशी सहदेव बोटं चाटत म्हणाला.

"मग गप जेवा. बोललात की धाप लागते."

काटा चढत गेला तशी ती सुखावली. अन्न अंगी लागतंय. पावलं चपलांत मावेनात, तिने मोठ्या चपला आणल्या. आडवं झाल्यावर श्वास पुरेना, तिने उशी वाढवली. मग आणखी एक.

रविवारी मुलगी आली, प्रांजल, गोरेगावहून. तिने बापाच्या नडगीवर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला, आत पाणी साठलं होतं.

"आई, मीठ घालतेस बाबांना?"

"घरात मीठच नाय. बघ हवं तर."

प्रांजलने डबे उघडले. तिसऱ्या डब्यातले गुलाबी खडे तिने तळहातावर ओतले.

"हे काय गं?"

"ते सैंधव. उपासाचं."

"आई, मीठच आहे ते!"

"उपासाला चालतं ते मीठ कसं असेल गं?"

प्रांजल रिक्षा बघायला धावली. वनमालाच्या खांद्याला धरून सहदेव जिना उतरताना तीनदा खाली बसला. तिसऱ्यांदा बसला तो पुन्हा उठला नाही.

हॉस्पिटलातून घरी सोडताना डॉक्टरांनी विचारलं होतं, काही शंका आहे का? वनमाला नाही म्हणाली होती.