कवड्यांची दोरी

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे, पण माझ्यात कुणी पीठ मळत नाही. फिजीतल्या नालोमा गावात माझ्यात यांगोनाच्या कुटलेल्या मुळ्या पाण्यात कालवून पेय करतात आणि करवंटीने पितात. माझ्या कडेला कवड्यांची दोरी बांधलेली आहे. तिचं टोक गावप्रमुखाकडे हवं, पहिली करवंटीही त्याचीच. यांगोना प्यायल्याशिवाय गावाचा एकही निर्णय होत नाही. एवढा माझा मान!

मग पर्यटकांची होडी येऊ लागली. गावप्रमुख रातू सेवानाईआंचा धाकटा भाऊ अपाकुकी याने होडीवाल्याला परस्पर शब्द दिला, "रोज आणा पाहुणे!" रोज स्वागत, रोज नाच. फोटो चांगला यावा म्हणून अपाकुकी माझी दोरी पाहुण्यांकडे वळवायचा. बायका दिवसभर चुलीपाशी आणि त्यांची मासळीची जाळी कोरडी ठाक. माझ्या जिवाला चैन पडेना.

होडी चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला एका दुपारी गाव जमलं. रातू आत आले आणि थबकले. सकाळच्या स्वागतानंतर अपाकुकी दोरी परत रातूंच्या जागेकडे फिरवायलाच विसरला होता. रातू न बसताच माघारी वळले. मी हादरले. न पिता माणसं उठली असती तर गावाची दोन गावं झाली असती.

दाराशी त्यांच्या म्हाताऱ्या आत्या विलिमाइना चटई विणत होत्या.

"थांब रे सेवानाईआ! तुझी दोरी फिरली तर एवढा राग? आमचे तर दिवसच फिरलेत. पाहुणे अपाकुकीचे आणि घाम आमचा!"

"आत्या, गावासाठीच करतोय ना मी!" अपाकुकी कुरकुरला.

"मग गावाला विचारलंस कधी? पाहुणे कुणाला नकोत? पण पाळीपाळीने येऊ देत, घराघरात राहू देत, आमच्याबरोबर जाळं ओढू देत. नुसते बसून गिळायला कशाला?"

कुणीतरी खुदकन हसलं. रातू परत येऊन बसले. अपाकुकीने मान खाली घालून दोरी त्यांच्याकडे वळवली. रातूंनी पहिली करवंटी हातात घेतली, पण ओठाला लावली नाही.

"ही आत्याला दे," ते म्हणाले. "होडी कधी यायची, ते यापुढे बायका ठरवतील."

आता पाहुणे माझ्याभोवती बसतात तेव्हा त्यांच्या हातांना मासळीचा वास येतो. तरी होडीचा भोंगा वाजला की माझा जीव अजून वरखाली होतो. दोरी फिरवायला कितीसा वेळ लागतो?

मित्रांनो, तुमच्या गावी पाहुणे जरूर बोलवा. पण जिला रांधायचं आहे, तिला आधी विचारा.