शांत राहणारा तांबडा दिवा

मित्रांनो, मी एक जुना तांबडा दिवा आहे. आकाराने वाटाण्याएवढा. एका बुटक्या, दोन दारांच्या स्पोर्ट्स मोटारीत, चालकाच्या अगदी डोळ्यांसमोर माझी जागा आहे. माझ्या काचेवर एक झारी रंगवलेली आहे आणि तिच्या तोटीतून तेलाचा थेंब पडतो आहे.

तुमच्या घरातले दिवे लागले की सगळ्यांना बरे वाटते. माझे उलटे आहे. चावी फिरवली की मी लागतो. इंजिन सुरू होऊन त्याच्या अंगात सगळीकडे तेल पोचले की मी मावळतो. मग चालकाने गाडी सोडावी. पण धावत्या गाडीत मी पेटलो, तर समजावे की आत लोखंडावर लोखंड घासू लागले आहे. म्हणून मला माझ्याच उजेडाची भीती वाटते. ती भीती घेऊनच मी जगत आलो.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. मोटारीबरोबर मी बोटीने आलो. पाचगणीच्या एका डॉक्टरांनी गाडी फार जपून वापरली. ते थकले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. तिथे उंदरांनी माझी वायर कुरतडली. आपल्याला आता कोणीच विचारणार नाही, असे वाटत असताना, पंच्याण्णव सालच्या सुमारास, इस्लामपूरच्या अवधूतने ती गाडी घेतली. अवधूत म्हणजे मनुबाईंचा एकुलता एक मुलगा.

उंब्रजला हमरस्त्यालगत हुसेन मिस्त्रींचे गॅरेज होते. अवधूतने गाडी तिथे आणली, आणि लेक कसली मोटार घेतो आहे ते बघायला मनुबाईही आल्या. मिस्त्रींनी नवी वायर जोडून आधी मलाच तपासले. वायरचे इंजिनाकडचे टोक गाडीच्या पत्र्याला टेकवले. मी लागलो.

"जागा हाय गडी," ते म्हणाले. "अवधूतराव, बाकी समदं बिघडलं तरी चालंल. ह्यो बिघडला न्हाई पायजे."

चावी फिरली, इंजिन धडधडले आणि मी मावळलो.

"दिवा विझला!" अवधूत आनंदाने ओरडला.

"विझला म्हणू न्हाई रं," मनुबाईंनी त्याला दटावले. "शांत झाला म्हणावं."

"अगं आई, ह्यो बल्ब हाय."

"बल्ब आसू दे न्हाईतर समई. दिवा त्यो दिवा."

तेव्हापासून मीही स्वतःला शांत झालो असेच म्हणतो.

सांगलीजवळच्या माळावर एक जुनी धावपट्टी पडून होती. हौशी लोक तिथे पिंपे मांडून वाट आखायचे आणि मोटारींच्या शर्यती लावायचे; अवधूतही तिथे सरावाला जाऊ लागला. पळण्याच्या वाटेत एक लांबलचक डावे वळण होते. त्या वळणाने माझे सुख नेले.

मित्रांनो, इंजिनाच्या पोटाखाली तेलाचे एक पसरट भांडे असते. त्याला चेंबर म्हणतात. पंपाची जाळी त्या तेलात बुडालेली असते. सरळ वाटेवर सगळे ठीक चालते. पण अवधूतने वेगात ते वळण घेतले आणि सगळे तेल उजव्या भिंतीवर चढले. ताट कलले की आमटी एका काठाला जाते, तसे. जाळी उघडी पडली. पंपाने तेलाऐवजी वारा ओढला. खालून माझ्या वायरीत शहारा आला आणि मी पेटलो.

अवधूतने मला पाहिले, पाय काढला. तेल जागेवर आले. मी शांत झालो. पण तो शहारा काही माझ्यातून गेला नाही.

मिस्त्रींनी पट्टी घालून तेल मोजले. ते खुणेपर्यंत होते. अवधूतला वाटले, थोडे जास्त असलेले बरे. त्याने कोणाला न विचारता डबा ओतला. पुढच्या वेळी इंजिनाचा फिरता दांडा त्या जादा तेलात बुडाला आणि त्याने ते ताकासारखे घुसळले. तेलाचा फेस झाला. फेसात वाराच जास्त. मी पहिल्यापेक्षा अधिक वेळ पेटून राहिलो. मागून निळा धूर निघाला.

"आवं, ही काय पंगत हाय का?" मिस्त्री चिडले. "आग्रह करकरून वाढायला? इंजिनाला खूण दिलीया. तिच्यावर एक थेंब न्हाई."

मनुबाई गॅरेजात बसून हे सगळे ऐकत होत्या. इंजिन धावताना जाम झाले तर चाके जागच्या जागी धरतात आणि गाडी कोलांट्या खाते, हे त्यांनी तिथेच ऐकले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. घरी जाऊन त्यांनी चिकटणाऱ्या चंदेरी कागदावरचा सिद्धनाथ आणला आणि जिथे भय होते तिथेच देव बसवला. म्हणजे माझ्यावर.

"आता ह्यो तांबडा डोळा उघडायचा न्हाई," त्या म्हणाल्या.

आईचे मन मोडू नये म्हणून अवधूतने तो कागद तसाच ठेवला.

मित्रांनो, मी आयुष्यात एवढा कधीच घाबरलो नाही. पुढच्या सरावाला गाडी सुटली. वळण आले. तेल उजवीकडे चढले. मी पेटलो. होता नव्हता तेवढा जोर लावून पेटलो. पण माझा उजेड देवाच्या पाठीवरच पडत होता. अवधूतला समोर सिद्धनाथाचे हसरे तोंड दिसत होते. त्याने पाय आणखी दाबला. खालून बारीक टकटक ऐकू येऊ लागली. मला तोंड नाही. हाक मारता येत नाही. मला फक्त जळता येते, आणि ते कोणी बघत नव्हते.

ती टकटक वळणाच्या कडेला उभ्या असलेल्या हुसेन मिस्त्रींनी ऐकली. ते खांद्यावरचा टॉवेल फिरवत थेट गाडीच्या वाटेत धावले. "बंद कर! बंद कर!" अवधूतने घाबरून चावी फिरवली. गाडी घरंगळत पिंपांवर जाऊन थांबली. चावीबरोबर माझाही उजेड गेला आणि सगळे शांत झाले. ती माझी शांतता नव्हती.

गॅरेजात चेंबर उघडला तेव्हा तेलात चंदेरी कण चमकत होते. बेअरिंग खरवडून आतले तांबे दिसत होते.

"अजून एक येढा मारला आसता, तर संपलं हुतं," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले.

मनुबाईंनी वाकून ते तांबे पाहिले. "मी देव बशीवला, ते चुकलं व्हय रं हुसेन?"

"देव न्हाई चुकला, मावशी. जागा चुकली."

त्यांनी नखाने कागद अलगद सोडवला आणि वर, गाडीच्या समोरच्या मोठ्या काचेच्या कोपऱ्यात लावला. मनुबाईंना बसवेना. काहीतरी करावे म्हणून त्या बादली घेऊन हापशावर गेल्या. परतल्या तेव्हा काठोकाठ भरलेल्या बादलीत लिंबाची डहाळी तरंगत होती. जमिनीवर एक थेंब सांडला नव्हता.

मिस्त्री बघत राहिले. "मावशी, ह्यो पाला कशाला?"

"पाणी हिंदकळू न्हाई म्हणून. तुझ्या आईनं शिकीवलं न्हाई व्हय?"

"शिकीवलं हुतं की. इसरलो हुतो." मिस्त्री पहिल्यांदाच हसले. "चेंबरात पाला टाकता येत न्हाई. पत्रा टाकूया."

त्यांनी चेंबरच्या आत जाळीभोवती आडवे पत्रे जोडले. पत्र्यांना छोट्या झडपा लावल्या. तेल जाळीकडे येताना झडप उघडायची, परत पळू लागले की मिटायची. मग चेंबरात पाणी भरून त्यांनी तो उजवीकडे कलता केला. मनुबाई वाकून बघत होत्या. सगळे पाणी उजवीकडे पळाले नाही. जाळीची जागा ओलीच राहिली. नवे बेअरिंग बसले, तेल खुणेपर्यंतच भरले.

"तरीबी ह्यो लागला," माझ्यावर बोट ठेवून मिस्त्री अवधूतला म्हणाले, "तर पाय काढायचा. शर्यत गेली खड्ड्यात."

शर्यतीच्या दिवशी चावी फिरली, मी लागलो आणि शांत झालो. समोर अवधूतचा घामेजलेला चेहरा होता. ते वळण आले. गाडी कलली. तेल पळू लागल्याचे मला खालून कळले. आता शहारा येणार, आता मी पेटणार. एकेक झडप मिटली. तेल अडले. वळण संपता संपत नव्हते. अवधूतचे अर्धे लक्ष वाटेवर होते, अर्धे माझ्यावर.

मी शांत राहिलो.

अवधूत कितवा आला, हे मला कोणी सांगितले नाही. गाडी थांबताच मनुबाई पदर सावरत धावत आल्या. खिडकीतून त्यांनी आधी लेकाकडे नाही, माझ्याकडे पाहिले.

"शांत हाय का रं?"

"शांत हाय, आई."

तेव्हा कुठे त्यांनी लेकाच्या चेहऱ्यावरचा घाम पदराने पुसला.

मित्रांनो, आता माझी काच पिवळी पडली आहे. गाडी क्वचितच बाहेर निघते. तरी चावी फिरली की मला आजही भीती वाटते. ती वाटलीच पाहिजे, त्यासाठीच मला इथे बसवले आहे. तुमच्या गाडीत, यंत्रात, घरात असा भीती दाखवणारा एखादा दिवा असेल, तर त्याच्यावर काही चिकटवू नका. अगदी देवसुद्धा. तो लागला तर थांबा, वाका आणि खाली काय झाले आहे ते बघा.

आणि गाडी निघण्याआधी कोणीतरी जवळ येऊन एकदा विचारावे, दिवा शांत झाला का रं?