खडकवाडीचं शिखर

लातूर जिल्हा नवा झाला त्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि अहमदपूरच्या बाजूला खडकवाडीच्या माळाखाली रोजगार हमीचं काम निघालं. पाझर तलाव खोदायचा होता. देखरेखीला अमृतरावसाहेब होते.

अमृतराव डोंगरवेडे. नांदेडला कॉलेजात असताना हिमालयातल्या शिबिरासाठी त्यांची निवड झाली होती. वडलांनी त्याच आठवड्यात त्यांचं लग्न लावून दिलं. त्यानंतर तीस वर्षांत त्यांनी बर्फ पाहिला तो फक्त रसवंतीत. पण टेबलाच्या काचेखाली हिमशिखरांची चित्रं होती, आणि खडकवाडीचा माळसुद्धा ते जाड बूट घालून, काठी रोवत रोवत चढायचे.

अशात वरून एक फॉर्म आला. नव्या जिल्ह्याची माहिती हवी होती: नद्या, बाजार, देवस्थानं, आणि 'सर्वोच्च ठिकाण, उंची, प्रथम कोण चढले'. अमृतरावांनी मोजणी करवली. माळ शेजारच्या तालुक्यातल्या टेकडीपेक्षा नऊ फुटांनी कमी भरला. दोन दिवस साहेबांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुकादम केरबाला बोलावलं.

"तलावातला दगड कुठं टाकताय?"

"बांधावर, सायेब."

"आजपासून माळावर न्या. अगदी वर. बारा फुटांचा चबुतरा रचायचा."

"आन् बांध?"

"बांध कुठं पळून चाललाय?"

झाला होता तेवढा बांधही मग उकरून वर गेला. त्रेसष्ट माणसं, त्यात बायाच जास्त, डोक्यावर दगडाचं टोपलं घेऊन भर उन्हात माळ चढू लागली. सगळ्यांत पुढं चांगुणा. चौथीपर्यंत शिकलेली, तोंडानं फटकळ. एकदा तिनं टोपलं उतरवता उतरवता विचारलं, "सायेब, वर हाय तरी काय?"

"काही नाही. म्हणूनच तर माणूस चढतो."

"रिकामा आसंल त्यो चढंल," म्हणत ती पुढच्या खेपेला उतरली.

उन्हाळा सरेस्तोवर चबुतरा झाला. शेजारचा तालुका तीन फुटांनी हरला. उद्घाटनाला जिल्ह्याचे मोठे साहेब आले. पन्नास पावलं चढले आणि धापा टाकत दगडावर बसले. केरबानं गावातून बाज मागवली. चांगुणासकट चौघांनी साहेबांना बाजेवर घालून वर नेलं. हार पडला, फोटो निघाला. साहेब घाम पुसत म्हणाले, "चढण तशी अवघडच आहे."

अमृतरावांना राहवलं नाही. "शिखर आपल्या पायानं चढायचं असतं, साहेब. खांद्यावरून आलेल्याचं नाव मी फॉर्मात लिहिणार नाही."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. मोठे साहेब उतरले. बाजेवरूनच.

गर्दी पांगल्यावर चांगुणा खांदा चोळत पुढं आली. "लई बराबर बोल्लात, सायेब. मंग आमी च्यार म्हयने काय करून राहिलो? दगड काय आपल्या पायानं वर आला?"

अमृतराव चबुतऱ्याला टेकून खाली बसले. मग हळूच म्हणाले, "चुकलं माझं, बाई."

साहेबाच्या तोंडी असला शब्द ऐकून केरबाच घाबरला. साहेबांनी त्याच्याकडून हजेरीचं मस्टर मागून घेतलं आणि 'प्रथम कोण चढले' या रकान्यात नावं उतरवायला सुरुवात केली. रकाना पुरेना, तेव्हा पुरवण्या जोडल्या. त्रेसष्ट नावं. पहिलं चांगुणा दगडोबा.

महिन्याभरात फॉर्म परत आला. शेरा होता: 'ही नावे मजुरांची आहेत. चढणाऱ्यांची कळवावीत.' सोबत अमृतरावांची बदली. अर्धापूरला. तिथं केळीच्या बागा, आणि नजर जाईल तिथवर सपाट रान.

नवे साहेब आले. खड्ड्याच्या काठाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "बांध कुठंय?"

केरबानं वर बोट दाखवलं.

दगड खाली आणायचा हुकूम झाला. काम सुरू व्हायच्या आधी चांगुणानं केरबाकडून तो परत आलेला फॉर्म घेतला, बोट फिरवत आपलं नाव वाचलं, आणि मग बाकीची बासष्ट मोठ्यानं वाचली. नावागणिक गर्दीतून एकेक "हाव" येत गेला. मग सगळ्यांनी टोपली उचलली. चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त दुखतात, हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.