करंगळी नसलेला हातमोजा

“कुणी हात लावू नका त्याला,” कोबीची टोपली घेऊन आलेले आमचे हे दारातच थबकून म्हणाले. आतल्या खोलीत आईचा कॉम्प्युटर पिप् पिप् करत होता, पडदा काळा होता, आणि आई भाजीची सुरी घेऊन त्याच्यापुढे बसली होती.

मी कपाळाला हात लावला. हेनामला माहेरी किमची, म्हणजे हिवाळ्याचं कोबीचं लोणचं, घालायला निघताना यांची अवजारांची पिशवी मी सोलच्या घरीच ठेवायला लावली होती. दरवर्षी हे मीठ चोळायच्या वेळी गायब होतात आणि गावात कुणाच्या तरी टीव्हीमागे सापडतात. या वर्षी मी बजावलं होतं, की जावई म्हणून या, मेकॅनिक म्हणून नको. बिचारे निमूट आले. सोलमध्येच योंगसानच्या बाजारात यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, पण आजूबाजूचे गाळे हल्ली बंदच असतात. बिघडलेलं लोक फेकून देतात, आणि हे दिवसभर स्क्रू-ड्रायव्हर पुसत बसतात. मला ते बघवत नाही.

आईची अडचण मात्र खरी होती. मसाला मोठ्या मावशीला दाखवल्याशिवाय कोबीला लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. मावशी बुसानच्या वृद्धाश्रमात असते. दुपारी तिथल्या नर्सबाई तिला पडद्यापुढे आणून बसवतात आणि थोड्या वेळाने घेऊन जातात. मावशी आता माणसं विसरते. गेल्या महिन्यात तिने आईलाच विचारलं, बाई, तुम्ही कोण. त्यानंतर कितीतरी दिवस आई कुणाशी धड बोलली नव्हती. पण किमचीचा मसाला समोर आला की ताईला सगळं आठवेल, असं तिने मनाशी धरलं होतं. मदतीला आलेल्या शेजारणी निथळलेल्या कोबीच्या ढिगापाशी हात बांधून बसल्या होत्या.

माझ्या मोबाइलवरून लावू, असं मी सुचवलं. गेल्या वर्षी तसं केलं होतं. आईने सवयीने तो कानाला लावला आणि मावशीने सगळा वेळ आईचा कान पाहिला. या वेळी मी धरते म्हटलं, तर आई म्हणाली, “मला ताई काडेपेटीएवढी नकोय.”

यांनी आधी आईच्या हातातली सुरी काढून घेतली. मग भिंतीतून वायर काढली, पेटी वळवली आणि मागचा स्क्रू बघून तोंड वाकडं केलं. त्याच्या खाचा पार झिजल्या होत्या.

“हा कुणी खाल्ला?”

आई बरण्यांकडे बघायला लागली. “धूळ पुसायची होती मला. दोन वर्षं झाली त्याला.”

“सुरीनं?”

“मग काय चमच्यानं पुसू?”

शेजारणी हसल्या. हे हसले नाहीत. अवजारांच्या बाबतीत यांना विनोद चालत नाही. ट्रॅक्टरच्या पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर आणला, तो जाडजूड निघाला. शिलाई मशीनच्या खणातला अगदीच बारीक. हे प्रत्येकाचं टोक खाचेत ठेवून नुसतं हलवून बघत आणि डुगडुगलं की बाजूला ठेवत. शेवटी पलीकडच्या घरून आलेला एक बरोबर बसला, पण फिरवताच तोही घसरला. शेजारणींपैकी एक म्हणाली, जरा जोर लावा की. तेवढ्यावर यांनी हात काढून घेतला. जोर लावला तर उरलंसुरलं डोकंही जाईल, म्हणाले. माझी पिशवी, असं एकदाही म्हणाले नाहीत. त्या पिशवीत असल्या स्क्रूंसाठी खास पक्कड होती हे मला मात्र ठाऊक होतं.

“आई, जाड रबराचा तुकडा मिळेल का?”

आईने मसाल्यासाठी काढून ठेवलेला लाल हातमोजा उचलला आणि कात्रीने त्याची करंगळी कापून यांच्या हातावर ठेवली.

“मनगटाकडचा तुकडाही चालला असता,” हे हळूच म्हणाले.

“आता सांगताय होय, जावईबापू?”

यांनी ते रबर उभं चिरून स्क्रूवर धरलं, वरून टोक टेकवलं, सगळ्या अंगाचा भार दिला आणि मनगट सावकाश वळवलं. करकर आवाज झाला आणि स्क्रू फिरला.

आता आत हात घालणार तोच हे थांबले. आईने थंडीसाठी आम्हा सगळ्यांना गुबगुबीत, फुलाफुलांची जाकिटं घातली होती आणि यांचं हात उचलला की चटचटत होतं.

“हे काढावं लागेल. याची एवढीशी ठिणगी बसली तरी आतलं सगळं मरेल.”

“आणि थंडीनं तुम्ही मराल त्याचं काय?” आई म्हणाली.

जाकीट गेलं, स्वेटर गेला. एका सुती शर्टात कुडकुडत यांनी हातांचं मीठ धुतलं, हात कोरडे केले, अंगातली वीज उतरावी म्हणून पेटीच्या उघड्या लोखंडाला बोटं टेकवली आणि मग मेमरीची पट्टी अलगद बाहेर काढली. पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराने तिची मळलेली सोनेरी कड पुसली. सगळं शरीर थरथरत होतं, बोटं मात्र नाही. पट्टी टक् करून जागेवर बसली. वायर लावली. पडदा उजळला आणि बुसानचा कॉल लागला.

मावशी शाल पांघरून चाकाच्या खुर्चीत बसली होती. तिने आईकडे बघून परक्या माणसाला करावा तसा वाकून नमस्कार केला. आईचा चेहरा उतरला. तरी तिने मसाल्याचं घमेलं उचलून पडद्यापुढे धरलं.

मावशी पुढे झुकली. बराच वेळ बघत राहिली.

“जवळा कुठंय यात? दरवर्षी हात आखडता घेतेस.”

“घालते, ताई,” आई म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. तिने खारवलेला जवळा ओंजळभरून ओतला.

“आणि त्या पोराला काहीतरी घाला अंगात. गारठलाय.”

यांनी लगेच जाकीट चढवलं. आईने तोच हातमोजा घालून मसाला कालवला आणि कोबीच्या एका पानात गुंडाळून पहिला घास पडद्यापुढे धरला. हे दरवर्षीचं. पलीकडे मावशीने तोंड उघडलं, मिटलं आणि डोळे बारीक करून चावत राहिली. मग मान हलवली आणि अगदी अदबीने विचारलं, “छान झालंय हो. तुम्ही कुणाकडच्या?”

“तुमच्याकडचीच,” आई म्हणाली.

नर्सबाई खुर्ची वळवून घेऊन गेल्या. आई घास हातात धरून रिकाम्या पडद्याकडे बघत बसली. दरवर्षी तो घास ती स्वतः खाते. या वर्षी तिने वळून तो यांच्या तोंडाशी नेला. उघडी करंगळी तिखटाने लालभडक झाली होती.

यांनी घास घेतला. यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मसाला फार तिखट झाला होता, असं हे अजून सांगतात.